चला, टेकडीवरून मुंबई बघू या

मुंबईच्या अगदी दाराशी राहणाऱ्या बायकांनीच मुंबई सर्वांत कमी पाहिलेली असते, असं मी म्हटलं तर पनवेल-कळंबोलीकडच्या मैत्रिणी रागावणार नाहीत. उलट मान डोलावतील. नागपूरची पाहुणी चार दिवसांसाठी येते आणि गेटवे, राणीचा बाग, महालक्ष्मी, चौपाटी सगळं पालथं घालून जाते. आपण तिला डबा बांधून देतो, गाडी कुठं बदलायची ते सांगतो आणि ती गेली की कुकर लावायला वळतो. घरातला पुरुष वीस-वीस वर्षं रोज त्या शहरात जातो-येतो. मुलं कॉलेजला जातात. आपलं मात्र लग्नाची खरेदी, कुणाचं हॉस्पिटल किंवा कुणाचं बारसं, एवढंच. तेही अंधारी गल्ली, चार जिने आणि परत.

त्यातून गंमत बघा. आपल्या गाडीचं नाव हार्बर लाईन. हार्बर म्हणजे बंदर. पण कळंबोलीहून रिक्षानं मानसरोवर किंवा खांदेश्वर गाठून गाडीत बसलात आणि खिडकीला नाक लावून शेवटपर्यंत बघत गेलात, तरी बंदर काही दिसत नाही. वाशीच्या पुलावर खाडी दिसते तेवढीच. पुढं शिवडी, कॉटनग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड अशी नावं येतात, पण गोदामांच्या पाठी आणि पत्र्याची छपरं यांपलीकडे नजर पोचत नाही. शहर समजायला एकदा उंचावर उभं राहावं लागतं. सपाटीवरून ते नुसतं गर्दी असतं.

म्हणून आज मी तुम्हांला मलबार टेकडीवर नेणार आहे. 'मलबार हिल म्हणजे मंत्र्यांचे बंगले, कोट्यधीशांचे फ्लॅट, तिथं आपलं काय काम?' असं मनात आलं असेल, तर थोडं थांबा. ही टेकडी श्रीमंतांची होण्याआधी गुराख्यांची आणि यात्रेकरूंची होती. तिच्यावर जाणाऱ्या जुन्या वाटेचं नावच त्याची साक्ष देतं.

त्या वाटेला आज सिरी रोड म्हणतात. इंग्रजी वाटावं असं नाव, पण मूळ शब्द आपला घरातला, 'शिडी'. चौपाटीच्या बाजूनं टेकडीवर चढणारी ही वाट पूर्वी इतकी उभी होती की लोक तिला शिडी म्हणत, आणि साहेबांच्या जिभेवर तिची सिरी झाली, असं मुंबईतल्या जागांच्या नावांचा इतिहास सांगणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. पायथ्याशी गवळ्यांचा तलाव होता, तोच गोवालिया टँक. गवळी तिथं गुरांना पाणी पाजायचे आणि या शिडीवरून त्यांना वर चरायला न्यायचे. गिरगावातले भाविक वाळकेश्वराच्या दर्शनाला निघाले की त्यांचीही हीच वाट. ते पुढं टेकडीच्या टोकापर्यंत जात. तिथं एका खडकाला फट होती. तिला श्रीगुंडी म्हणत. त्या फटीतून अंग चोरून पलीकडे निघालं की पापं धुतली जातात अशी श्रद्धा होती. (आपल्यापैकी कितीजणी आज त्या फटीतून निघतील, हा प्रश्न पापाचा नसून पोळ्यांवरच्या तुपाचा आहे!) ते टोक आता राजभवनाच्या आवारात आहे.

टेकडी काही फार उंच नाही, पन्नास-साठ मीटर. आपल्याकडून कर्नाळ्याचा अंगठा दिसतो, त्याच्यापुढं ही लेकरूच. पण समुद्रातून सरळ उठलेली असल्यामुळे उंचीच्या मानानं तिची ऐट मोठी. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर वर गेल्यावर तुम्ही मला नावं ठेवाल. इथून दिसतं ते खरं बंदर नव्हे. बंदर शहराच्या पूर्वेला, आपल्या बाजूला आहे. टेकडीवरून समोर दिसतो तो बॅकबे, म्हणजे मुंबईचा पाठीमागचा उपसागर. त्याला कवेत घेऊन वाकलेला मरीन ड्राइव्ह, त्याच्यापलीकडे नरिमन पॉइंटच्या इमारती. बंदर त्या सगळ्याच्या आड, आणि बंदराच्याही पलीकडे आपण. वर उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं की आपलं घर कुठल्या दिशेला आहे ते पहिल्यांदा नीट कळतं, आणि रोज सव्वा तासाचा प्रवास करणारा माणूस नक्की कुठून कुठं जातो तेही.

आता मुख्य आकर्षणाकडे वळू. टेकडीच्या उतारावर, सिरी रोडच्या मागच्या झाडीत, मुंबई महापालिकेनं एक उंचावरची पायवाट बांधली आहे. २०२५ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, ती सर्वांसाठी खुली झाली. लांबी पाचशे मीटरच्या आतबाहेर, रुंदी जेमतेम अडीच मीटर. खांबांवर उभी केलेली लाकडी वाट. त्यामुळे आपण जमिनीवरून न चालता झाडांच्या फांद्यांच्या पातळीवरून चालतो. कल्पना सिंगापूरची. तिथं अशी वाट जंगलात बरीच वर्षं आहे. चालताना हाताशी पानं येतात, खाली पाचोळा दिसतो, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर तांबट पक्ष्याचं 'टुक टुक टुक' असं न थकता चाललेलं ठोकणं ऐकू येतं. एके ठिकाणी सज्जा काढला आहे, त्याच्या तळाला काच आहे. तिथं उभं राहिलं की पायाखाली झाडं आणि समोर गिरगावची चौपाटी. काचेवर पाय ठेवताना पोटात गोळा येतो हे कबूल. पण आमच्यातली जी सर्वांत भित्री, तीच तिथून हलेना.

आम्ही पाचजणी होतो. भिशीतल्याच. त्यात आमच्या मजल्यावरच्या काकू. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर. त्यांचं माहेर गिरगावातलं. लग्नानंतर काही वर्षं परळ, मग सिडकोनं वसवलेल्या आमच्या कळंबोलीत घर घेतलं आणि तेव्हापासून त्या इथल्याच झाल्या. लोखंड बाजारातले ट्रक आणि हायवेचा आवाज हाच त्यांचा शेजार. टेकडीवर शेवटचं कधी गेला होतात, असं विचारलं तर म्हणाल्या, "थोरला पाच वर्षांचा होता. म्हातारीच्या बुटात चढून उतरायला तयार नव्हता." तो थोरला आता आजोबा व्हायच्या बेतात आहे!

कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट माहीत नाही असं मराठी मूल विरळा. ही बाग १९५२ ची. पंडित नेहरूंच्या पत्नीचं नाव तिला दिलं आहे. इंग्रजी बालगीतातली ती पुष्कळ पोरांची म्हातारी ज्या बुटात राहते, तो बूट सिमेंटमध्ये उभा करून त्यात मुलांना चढायला जागा केली, एवढंच. पण मुंबईतल्या दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाचे फोटो त्या बुटापुढं काढलेले आहेत. काकूंनी बूट पाहिला, 'लहान झालाय' म्हणाल्या, आणि तरातरा पुढं कठड्याकडे गेल्या.

तिथून मरीन ड्राइव्ह सगळा दिसतो. संध्याकाळी दिवे लागले की त्या वळणाला राणीचा हार म्हणतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. समुद्रात भर घालून १९१५ नंतरच्या पंचवीस वर्षांत हा किनारा तयार झाला. त्याच्या काठच्या गोलाकार गॅलऱ्यांच्या इमारती आणि ओव्हल मैदानाभोवतालच्या वास्तू मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत २०१८ साली गेल्या. आम्ही हे सगळं काकूंना सांगत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या कठड्याला धरून डावीकडे काहीतरी शोधत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "आमची चाळ इथून दिसायची. वडील मला खांद्यावर घेऊन दाखवायचे. कौलं आणि मागं नारळ."

कौलं कुठून दिसणार? गिरगावात आता काचेचे मनोरे उभे आहेत. काकूंची चाळही पाडली गेली हे त्यांना माहीत होतं. भावाला त्याच जागी वरच्या मजल्यावर खोली मिळाली होती. तरी त्या शोधत राहिल्या. आधी हरकिसनदास हॉस्पिटल शोधलं, मग त्याच्या अलीकडे बोटानं हवेत गल्ल्या मोजल्या, एक, दोन, तीन, आणि एका करड्या इमारतीच्या कोपऱ्यावर बोट थांबवलं. "तिथं." आम्हांला त्यात वेगळं काही दिसलं नाही. काकू दहा मिनिटं तिथंच उभ्या होत्या. आम्ही जरा बाजूला जाऊन शेंगदाणे खाल्ले. परतताना त्यांनी एवढंच विचारलं, की पुढच्या महिन्याची भिशी इथंच केली तर चालेल का.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. 'फिरायला जायचं' म्हटलं की आपण मुलांचा विचार करतो, फार तर सुनेचा. घरातल्या वयस्क बाईला 'तुम्हांला कशाला दगदग' म्हणून देवळापर्यंत नेऊन आणतो. तिला काय बघायचं आहे ते एकदा विचारून तरी पाहा.

रस्त्याच्या पलीकडे हँगिंग गार्डन. खरं नाव फिरोजशहा मेहता उद्यान. झुडपं कापून केलेले हत्ती-जिराफ, हिरवळ, आणि पश्चिमेच्या कडेला उभं राहिलं तर सूर्यास्त. पण ही बाग 'टांगलेली' का, हे विचारलं तर शंभरात पाचजणींना सांगता येईल. ती टांगलेली नाही, ठेवलेली आहे, आणि तीही पाण्यावर. तुम्ही ज्या हिरवळीवर बसून डबा उघडता, तिच्याखाली प्रचंड मोठा जलाशय आहे. इंग्रजांच्या अमदानीत, १८८० च्या दशकात बांधलेला. त्यात सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावतं. दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागात नळाला येणारं पाणी या टेकडीच्या पोटातून उतरतं. पाणी उंचावर साठवलं की पुढं ते आपल्या वजनानंच खाली जातं, हे आपल्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचंच तत्त्व. टाकी तेवढी डोंगराएवढी. वर माती, गवत आणि फुलझाडं घातली की टाकी उन्हापासून झाकली जाते आणि लोकांना बागही मिळते. त्या काळच्या इंजिनियरांचं हे डोकं मला तरी एखाद्या हुशार गृहिणीचं वाटतं. एका भांड्यात दोन पदार्थ!

या टाकीवरून अलीकडेच मोठं वादळ उठलं होतं. टाकी जुनी झाली, पाडून नवी मोठी बांधावी, असा महापालिकेचा बेत २०२३ मध्ये पुढं आला. त्यासाठी ३८९ झाडांवर गंडांतर येणार होतं आणि बाग कैक वर्षं बंद राहणार होती. टेकडीवरचे आणि टेकडीखालचे लोक विरोधाला उभे राहिले. तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आयआयटीचे प्राध्यापक तिच्यात होते. टाकी पाहून, तपासून, पाडायची गरज नाही, दुरुस्ती करून हीच टिकवता येईल, असं त्यांनी सांगितलं आणि पाडापाडीचा बेत मागं पडला. पाण्याची वेळ सांभाळून ज्यांचा दिवस लागतो, अशा आपल्यासारख्यांना दोन्ही बाजू कळतात. टाकी फुटली तर अर्ध्या शहराच्या घागरी रिकाम्या, हे खरं. आणि दुरुस्त होणारी वस्तू टाकून नवी आणायची हौस घराला परवडत नाही, तशी शहरालाही परवडू नये, हेही खरं. मी दुरुस्तीवाल्यांच्या बाजूची आहे, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल.

या उतारावर एवढी झाडी टिकली, त्याचं एक कारण लोक दबल्या आवाजात सांगतात. लगतच पारशी समाजाची डुंगरवाडी आहे. सतराव्या शतकापासून तिथं त्यांचे दोखमे आहेत. आत परक्या माणसाला प्रवेश नाही आणि आपणही डोकावू नये. त्या पावित्र्यामुळं ते रान राखलं गेलं. मात्र ज्यांच्या भरवशावर ती व्यवस्था चालायची ती गिधाडं आता तिथं उरली नाहीत. देशभरातूनच ती झपाट्यानं गेली. गुरांना वेदना कमी व्हाव्यात म्हणून देत असलेलं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हे वाचल्यापासून मला आमच्या औषधाच्या डब्यातलं गुडघ्याचं मलम उगीचच वेगळं दिसू लागलं आहे. तेही त्याच औषधाचं. आपल्या गुडघ्यांना त्यानं आराम पडतो, त्यात वावगं काही नाही. पण एका गोळीचे धागे कुठवर पोचतात बघा.

टेकडीच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, जी वरून कळणारसुद्धा नाही. २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या किनारी रस्त्याचे दोन बोगदे, प्रत्येकी दोन किलोमीटरहून थोडे जास्त, या टेकडीखालूनच गेले आहेत. ते ज्या यंत्रानं खोदले त्याचं नाव 'मावळा' ठेवलं होतं. तुम्ही वर पक्षी बघत असता तेव्हा तुमच्या पायांखाली, आधी पाचोळा, मग खडक, आणि खडकाच्या आत मोटारी धावत असतात.

खाली उतरायचं असेल तर पायथ्याशी बाबुलनाथ आहे. तिथं लिफ्टही आहे, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना दर्शन चुकत नाही. आणि थोडं पुढं ते गवळ्यांच्या तलावाचं मैदान, आता ऑगस्ट क्रांती मैदान. ८ ऑगस्ट १९४२ ला 'छोडो भारत'चा ठराव इथं झाला. रात्रीतून सगळे मोठे पुढारी पकडले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा कोण फडकावणार? तो अरुणा असफ अलींनी फडकावला, पोलिसांच्या समोर. त्याच महिन्यात बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी आपल्या साथीदारांबरोबर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना चकवायला त्या जागा बदलत राहायच्या. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या, तुरुंगात गेल्या, आणि पुढं प्राध्यापिका झाल्या. टेकडीच्या पायथ्याचा हा इतिहास आपल्या मुलींना तिथं उभं करून सांगा. पुस्तकातल्या चार ओळींपेक्षा जास्त लक्षात राहील.

हाँगकाँगलाही अशीच बंदरावर झुकलेली टेकडी आहे, व्हिक्टोरिया पीक. तिच्या कडेनं लुगार्ड रोड नावाची सुरेख पायवाट जाते. पण त्या टेकडीवर १९०४ सालच्या कायद्यानं चिनी माणसाला घर करून राहायला बंदी होती, ती १९४६ पर्यंत. ज्यांचं शहर त्यांनाच वर राहता येत नव्हतं. आपल्या मलबार टेकडीवर साहेबांचे बंगले झाले खरे, पण वाळकेश्वराची वाट चालणाऱ्याला कुणी अडवू शकलं नाही. तिथलं जुनं देऊळ शिलाहारांच्या काळचं. पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि १७१५ च्या सुमारास रामा कामतींनी ते पुन्हा उभारलं. शेजारचा बाणगंगा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून गोड्या पाण्याचा. रामानं बाण मारून काढलेला, अशी कथा. पाय साथ देत असतील तर बाळ गंगाधर खेर मार्गानं, म्हणजे जुन्या रिज रोडनं, तिथवर जा. नसतील तर हट्ट नको. बाणगंगा स्वतंत्र दिवसाची आहे.

आता व्यवहाराचं बोलू या. कारण नुसतं 'किती छान' वाचून मासिक मिटलंत तर माझी मेहनत वाया.

पहिलं म्हणजे दिवस. रविवार नको. रविवारी हार्बरला बहुधा मेगाब्लॉक असतो आणि टेकडीवर जत्रा. शनिवार सर्वांत बरा. सकाळचा डबा-पाणी उरकून दहानंतरची गाडी धरा, बायकांच्या डब्यात जागा मिळते. सीएसएमटीला (काकू अजून व्हीटीच म्हणतात) उतरलात की दोन पर्याय. खालून भुयारी मेट्रो जाते, ऑक्टोबर २०२५ पासून. तिनं गिरगाव स्टेशनला उतरून टॅक्सी करा. चौघींत भाडं वाटलं की जाचत नाही. किंवा वर कमला नेहरू पार्कपर्यंत जाणारी बेस्टची बस पकडा. वेळ लागतो, पण खिडकीतून शहर दिसतं. माझं मत बसच्या बाजूनं.

उंचावरच्या वाटेला तिकीट आहे, भारतीयांना २५ रुपये. ते ऑनलाइन काढायचं असतं आणि तासाच्या हिशेबानं वेळ ठरवून मिळते. वाट पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत उघडी असते. फोनवर हे जमत नसेल तर मुलाला, सुनेला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि तो चौकोनी ठिपक्यांचा शिक्का फोनमध्ये जपून ठेवा. दारात उभं राहून घरी फोन लावण्याची पाळी येऊ नये. निघण्याआधी दर आणि वेळा एकदा पुन्हा बघून घ्या, कारण अशा गोष्टी बदलत राहतात.

चप्पल पट्ट्याची, टाच नसलेली. साडी नेसणाऱ्यांनी खुशाल साडीच नेसावी, फक्त सुती आणि घोट्याच्या वर. सिरी रोडनं चालायचं असेल तर वर वाहनानं जा आणि उतरताना चाला, असं सगळे सांगतात. मी अर्धंच सांगेन. दम लागणाऱ्यांना हे बरोबर. गुडघे दुखणाऱ्यांना मात्र उताराचाच त्रास जास्त, कारण उतरताना शरीराचा भार गुडघ्यावर येतो. त्यांनी लहान पावलं टाकावीत, कडेनं जरा तिरकं उतरावं, नाहीतर वरच फिरून वाहनानंच परत यावं. पावसाळ्यात शेवाळ असतं, तेव्हा उतार नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. श्रीखंड वगैरे नको, दुपारपर्यंत आंबतं. कागद, पिशव्या परत आणायच्या हे सांगायला नकोच. लाकडी वाटेवर मात्र खाणं काढू नका. ते बागेत बसून.

आणि एक नाजूक पण फार महत्त्वाची गोष्ट. आपण बायका बाहेर पडायचं म्हटलं की सकाळपासून पाणीच पीत नाही. का, ते तुम्हांलाही माहीत आणि मलाही. त्यानं डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि उन्हात चक्करही येते. तसं करू नका. सीएसएमटीला उतरल्यावर मोकळ्या होऊन या, बागेत शिरताना सोय कुठं आहे ते आधी विचारून घ्या, आणि दिवसभर घोट-घोट पाणी प्या. विचारायला लाजायचं काही कारण नाही. लाज वाटायची असेल तर ती सोय न करणाऱ्यांना वाटू द्या.

दिवे बघायचे की लवकर परतायचं, हा खरा पेच. संध्याकाळी सहा ते आठ हार्बरला जी गर्दी असते ती तुमच्या यजमानांना विचारा. शनिवारी ती जरा कमी. आम्ही साडेसातपर्यंत थांबलो, हार पूर्ण उजळलेला पाहिला आणि रात्री उशिराची गाडी धरली. घरी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, वरण-भात करून ठेवते, पापड तुम्ही भाजा. लक्षात घ्या, सांगून ठेवलं होतं. विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या घरी पापड भाजले गेले. एका घरी दोन करपले म्हणे.

आपल्या बाजूलाही टेकड्या आहेत, हे मला विसरायचं नाही. बेलापूरला पारसिकची टेकडी आहे, खारघरचे डोंगर आहेत. रोजच्या पहाटेच्या फेरीला ते जवळ. पण आपल्याच बाजूला उलव्याची टेकडी होती. नव्वद मीटरच्या आसपास उंच. विमानतळासाठी ती सुरुंगांनी फोडून सपाट केली. नदीची वाट बदलली, दहा गावं उठवून दुसरीकडे वसवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. विमानतळ हवा होता, त्याबद्दल माझं भांडण नाही. माझा भाचाच तिथं नोकरीला लागण्याच्या आशेवर आहे. पण त्या टेकडीवर चढून कुणी कधी आपला गाव बघितला असेल, बोटानं घर दाखवलं असेल. तिथल्या काकूंना आता कुठल्या कठड्यावर उभं करायचं?

पुढच्या महिन्याची भिशी ठरली आहे, तिसऱ्या शनिवारी. सातजणी झालो आहोत. काकूंनी भावजयीलाही बोलावलं आहे, ती गिरगावातून चालत वर येणार आहे, शिडीनं.